दोनशे लिटरचा ब्लोअर

2022 च्या मृग बहारात आमच्या पाच एकर डाळिंबावर तेल्या रोग आला, आणि आला तो नेमका झड लागलेल्या आठवड्यात. मोहोळ तालुक्यात सीनेच्या अलीकडे आमचं रान आहे. काळं, पाणी धरून ठेवणारं. वाण भगवा, लागण चौदा बाय दहा फुटांवर, म्हणजे एकरी 311 झाडं. तेल्याचे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानावरून फळावर, एका झाडावरून शेजारच्या झाडावर जातात. त्यामुळे पाऊस उघडला की पानं वाळायच्या आत फवाऱ्याची तयारी लागते. आमची तयारी म्हणजे दाबानं औषध फेकणारा एचटीपी पंप, लांबच लांब पाईप आणि दोन गन. एकानं गन धरायची, दुसऱ्यानं मागून पाईप ओढायचा, अशा दोन जोड्या. चार माणसांना पाच एकराला दीड दिवस.

त्या आठवड्यात दोनच माणसं मिळाली. दोन एकर उरकलं आणि पुन्हा पाऊस सुरू झाला. राहिलेल्या तीन एकरांत फळांवर काळे तेलकट डाग उठले, मग त्या डागांतून फळं तडकत गेली. लिंबाएवढ्या फळांचे ढीग काढून आम्ही बागेबाहेर नेले आणि खड्ड्यात पुरले. मी ते ढीग पाहिले आणि त्याच दिवशी ठरवलं की पुढचा बहार धरायच्या आधी ट्रॅक्टरचा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं औषध फवारणारं यंत्र, घ्यायचाच.

ट्रॅक्टर होता. 24 एचपीचा मिनी, रोटाव्हेटर आणि छोट्या ट्रॉलीसाठी दोन वर्षांपूर्वी घेतलेला. त्याला मागं ब्लोअर जोडायचा, एवढंच काम आहे असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात दुकानाची पहिली पायरी चढल्यापासून ब्लोअर बागेत येईपर्यंत वर्ष गेलं, आणि त्यातले पहिले दोन महिने मी चुकीचाच प्रश्न विचारत होतो.

तो प्रश्न म्हणजे, किती लिटरचा घ्यावा?

सोलापुरात तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडं सुरुवात सारखीच. "ट्रॅक्टर किती एचपी?" चोवीस म्हटलं की लगेच, "मग चारशे लिटर घ्या काका, आरामात चालतंय बगा." एकानं ट्रॅक्टरचं माहितीपत्रक काढून दाखवलं. लिफ्टची, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हातांची, क्षमता 750 किलो. चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो, मशीन दोनशेवीस किलो, झाले 620. "अजून सव्वाशे किलो शिल्लक राहतंय की!" हिशोब मलाही पटला. टाकी मोठी तेवढं पाणी भरायला कमी वेळा जावं लागणार, हे तर उघडच होतं. ओळींतलं अंतर किती, रान काळं की मुरमाड, बांधाकडेला वळायला जागा किती, झाडाची उंची किती, यातलं एकही कुणी विचारलं नाही. मी स्वतःहूनही सांगितलं नाही.

हिशोबातली चूक माझ्या भाच्यानं दाखवली. तो राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकलेला. दिवाळीला आला होता, तेव्हा ओसरीवर माहितीपत्रक पसरून बसला आणि म्हणाला, "मामा, हे 750 किलो कुठं धरायचे ते यात लिहिलंय. लिफ्टच्या दोन्ही हातांच्या टोकाला. आणि ब्लोअरचं वजन टोकाला कुठं असतं? टाकी, पंखा सगळं त्याच्या मागं दीड फूट." पाण्याची घागर काखेला धरणं वेगळं आणि तीच घागर हात लांब करून धरणं वेगळं, तसंच हे. वजन जेवढं मागं, तेवढी लिफ्टची ताकद कमी. पुढं तो जे म्हणाला ते मला जास्त लागलं: "लिफ्टनं उचललं तरी ट्रॅक्टर ते पेलतोय का हा प्रश्न निराळा आहे. मागच्या चाकाच्या आसावर ट्रॅक्टर तराजूसारखा तोललेला असतो. मागं वजन टाकलं की पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर आहे."

त्यानं कागदावर आकडेमोड केली. पण काट्यावर पाहिल्याशिवाय मला समाधान वाटेना. आमच्या गावाजवळ हमरस्त्याला कांदा-मका तोलायचा वजनकाटा आहे. काटेवाला ओळखीचा. एका दुकानदाराकडं तीनशे लिटरचा नमुन्याचा ब्लोअर होता, तो त्यानं एका दिवसासाठी दिला. त्याचे मी आजही आभार मानतो, कारण त्याला माहीत होतं की यातून त्याचा मोठा ब्लोअर खपण्याची शक्यता कमीच आहे.

आधी नुसता ट्रॅक्टर काट्यावर घेतला. मी खाली उतरलो. 920 किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवली. 370. आता ब्लोअर जोडून, तीनशे लिटर पाणी भरून, लिफ्ट उचलून पुन्हा फक्त पुढची चाकं. काट्याच्या खिडकीतून काटेवाला ओरडला, "चाळीस!" मला वाटलं चाकं नीट बसली नाहीत. ट्रॅक्टर मागं-पुढं करून पुन्हा घेतलं. चाळीसच.

चाळीस किलो म्हणजे शेंगांचं एक पोतं. तेवढ्या वजनावर मी बांधाचा चढ चढणार होतो. हे तीनशे लिटरला. चारशे लिटरचा ब्लोअर जोडला असता तर भाच्याच्या हिशोबानं पुढची चाकं जमिनीवर टेकलीच नसती. काट्यावरून उतरताना छोटासा उतार आहे, तिथं मी स्टिअरिंग डावीकडं वळवलं आणि ट्रॅक्टर दोन हात सरळच गेला. त्या दोन हातांत मला जे कळलं ते तीन दुकानांतल्या बोलण्यातून कळलं नव्हतं.

ट्रॅक्टर, अवजार, सगळं धरून जे एकूण वजन होईल त्याचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा अंदाज भाच्यानं सांगितला. त्यासाठी ट्रॅक्टरच्या पुढं लोखंडी वजनं लावता येतात. माझ्या ट्रॅक्टरला वीस किलोची पाच बसतात, म्हणजे शंभर किलो. ती पुढच्या आसाच्याही पुढं लटकतात, म्हणून चाकांवर शंभरपेक्षा जास्त भार देतात. तरीसुद्धा तीनशे लिटरला ते पुरेना. दोनशे लिटरच्या ब्लोअरचं रिकामं वजन 160 किलो. तो भरून, पुढं पाचही वजनं लावून पुन्हा काट्यावर गेलो तेव्हा पुढच्या चाकांवर 270 आले. एकूण 1,380. पाचवा हिस्सा 276. इथं पहिल्यांदा आकडे जवळजवळ जुळले.

पण मग दोनशे लिटर! मन तयार होईना. पाच एकराला किती वेळा पाणी भरायला जायचं?

माझा साडू सांगोल्याकडं असतो. त्याचं रान माळाचं, मुरमाड. त्याच्याकडं सहाशे लिटरचा ओढायचा ब्लोअर आहे, म्हणजे स्वतःची दोन चाकं असलेला. लिफ्टवर वजनच नाही, पुढची चाकं हलकी व्हायचा प्रश्न नाही. तो दोन वर्षं वापरतोय आणि खूश आहे. म्हणाला, "दाजी, दोनशेच्या नादाला लागू नका, ओढायचा घ्या." खरं तर ऑक्टोबरात, भाचा यायच्या आधीच, असाच एक सहाशेचा ब्लोअर मी विक्रेत्याकडून प्रात्यक्षिकासाठी बागेत आणवला होता. त्या वर्षी परतीचा पाऊस फार झाला. चार दिवस उघडीप होती, वरून रान वाळलेलं दिसत होतं. पहिल्या तीन ओळी उत्तम गेल्या. चौथ्या ओळीच्या शेवटी सखल भाग आहे. तिथं ब्लोअरची चाकं रुतली ती आसापर्यंत. भरलेला ब्लोअर ट्रॅक्टरएवढाच जड, आणि मिनी ट्रॅक्टर स्वतः हलका. त्याची चाकं जागेवर फिरत राहिली आणि ठिबकची लॅटरल गुंडाळून घेतली. टाकी रिकामी केली, शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर बोलावला आणि मग तो निघाला.

वळणाचंही तेच. आमच्या बागेला बांधाकडेला दहा फूट जागा सोडलेली आहे, पलीकडं तारेचं कुंपण. लिफ्टवरचा ब्लोअर ट्रॅक्टरबरोबरच वळतो. ओढायचा ब्लोअर मागून कोपरा कापत येतो, म्हणून त्याला वळायला जवळजवळ दुप्पट जागा लागते. प्रत्येक ओळीला पुढं-मागं, पुढं-मागं करत बसावं लागलं. शेवटच्या झाडांच्या फळांनी वाकलेल्या फांद्या चाकाखाली गेल्या. साडूच्या बागेत वीस फुटांचा रस्ता आहे आणि पाऊस पडल्यावर दोन तासांत गाडी जाते. त्याची निवड त्याच्या रानाला बरोबर आहे. माझ्या काळ्या रानात, जिथं पावसानंतर लगेच फवारायलाच हे यंत्र घ्यायचं होतं, तिथं ती चालणार नव्हती. नेमक्या गरजेच्या दिवशी जे यंत्र गोठ्याजवळ उभं करावं लागेल ते कितीही मोठं असून काय कामाचं?

म्हणून टाकीचा विचार सोडला आणि उलट्या बाजूनं हिशोब धरला: झाडाला किती पाणी हवं, ते झाडाच्या आत पोचवायला किती हवा हवी, आणि ती हवा माझा ट्रॅक्टर देऊ शकतो का.

हवेचं आधी सांगतो, कारण ब्लोअरमध्ये खरं काम हवेचं आहे. पंप नुसते थेंब करतो. ते थेंब पानांच्या मागं, झाडाच्या पोटात नेतो तो पंखा. झाडात जी स्थिर हवा असते तिला ढकलून तिच्या जागी औषधाची हवा भरायची असते. आमच्या ओळी चौदा फुटांवर, म्हणजे सव्वाचार मीटर. झाडं सात फूट. ताशी तीन किलोमीटर वेगानं चाललो तर तासाला साधारण 27 हजार घनमीटर जागा ओलांडली जाते. एवढी सगळी हवा बदलायची गरज नसते. झाडी दाट असेल तर निम्मी, विरळ असेल तर तिसरा हिस्सा पुरते. डाळिंबाला आपण तीन-चार खोडं ठेवतो, आत फांद्यांची गर्दी असते, म्हणून मी निम्मी धरली. साडेतेरा हजार. 550 मिलिमीटरच्या पंख्याला हे जमतं. सहाशे मिलिमीटरच्या वरचे पंखे जास्त हवा देतात, पण त्यांना ताकदही तशीच लागते.

इथं दुसरी गोष्ट कळली. 24 एचपी हे इंजिनाचे. ब्लोअरला मिळतात ते पीटीओचे, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याचे, आणि माझ्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात ते 19 लिहिलेत. त्यातले दोन-अडीच पंप खातो. ओल्या काळ्या रानातून ट्रॅक्टरला स्वतःलाही चालायचं असतं, त्याला चार-पाच. उरलेले पंख्याचे. पंख्याच्या फेऱ्या दहा टक्के वाढवल्या तर लागणारी ताकद 33 टक्के वाढते. म्हणून पात्यांचा कोन एक खाचा जरी वाढवला किंवा पंख्याचा गिअर पहिल्यावरून दुसऱ्यावर टाकला तरी इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. ओढायच्या ब्लोअरचा पंखा मोठा होता. दुसऱ्या गिअरवर टाकल्यावर इंजिन दबलं, धूर काळा झाला, आणि इंजिन दबलं की पीटीओच्या फेऱ्या 540 च्या खाली येतात, पंपाचा दाबही पडतो. पंखा मोठा असून झाडाला हवा कमीच मिळाली.

पुढचा प्रश्न वेगाचा. नोव्हेंबरात भाच्यानं पाण्यानं रंग बदलणारे कागद आणले. पिवळे असतात, थेंब पडला की तिथं निळा ठिपका उठतो. हा सगळ्या वर्षातला मला सर्वांत आवडलेला दिवस. कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन आम्ही पाच झाडांवर कागद लावले: एक बाहेरच्या पानावर, एक आत खोडाजवळ, एक पानाच्या खालच्या बाजूला, एक दोन फळं एकमेकांना चिकटतात त्या फटीत. ही शेवटची जागा माझ्या बायकोनं सुचवली. "तिथंच पिठ्या ढेकूण असतोय की," म्हणाली. नुसतं पाणी भरून तीन प्रकारे फवारलं.

ताशी पाच किलोमीटरनं गेलो तेव्हा बाहेरचे कागद छान ठिपक्यांचे, पण खोडाजवळचे जवळजवळ पिवळेच. बाहेरून पाहणाऱ्याला झाड चिंब दिसत होतं. तीन किलोमीटरनं गेलो तेव्हा आतल्या कागदावरही बारीक ठिपके दाटीनं आले, पानाखालीही आले. तिसऱ्या वेळी नोझलच्या चकत्या मोठ्या घालून एकरी पाचशे लिटर सोडलं. सगळे कागद निळेशार, आणि पानांच्या टोकांवरून पाणी टपटप खाली. खाली पडलं ते औषध मातीत गेलं असतं. गननं आम्ही वर्षानुवर्षं हेच करत होतो, एकरी पाचशे-सहाशे लिटर. फळांमधल्या फटीतला कागद मात्र तिन्ही वेळा अर्धवटच भिजला. त्याचं उत्तर फवारणीत नाही, विरळणीत आहे. जोडफळं काढून टाकणं आम्ही तेव्हापासून मनावर घेतलं.

मग नोझलचा हिशोब बसवला. एकरात चौदा फुटांच्या ओळींची लांबी भरते 948 मीटर. ताशी तीन किलोमीटर म्हणजे मिनिटाला 50 मीटर, म्हणजे एका एकराला 19 मिनिटं. एकरी 300 लिटर हवं तर मिनिटाला 16 लिटर. बारा नोझल, प्रत्येकी साधारण 1.3 लिटर. वेग मोजायला पन्नास मीटरची टेप आणि मोबाईलचं घड्याळ पुरलं. गिअर शोधताना इंजिन पीटीओच्या पूर्ण फेऱ्यांवर ठेवूनच शोधायचा. इंजिन कमी करून वेग साधला तर पंखा आणि पंप दोन्ही मंदावतात. माझ्या ट्रॅक्टरला हा वेग लो मधल्या तिसऱ्या गिअरला मिळाला.

पाणी निम्म्यावर आलं म्हणजे औषधाच्या मात्रेचाही प्रश्न येतो. तो मी मनानं सोडवला नाही. सोलापूरला जाताना केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र रस्त्यातच लागतं. 2005 पासून हे केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे, आणि तरी माझ्यासारखे कितीतरी जण पुढच्या दुकानात जाऊन विचारतात. तिथं आमचं वेळापत्रक घेऊन गेलो आणि एकेका औषधाचं विचारून लिहून आणलं. तेल्या असलेल्या बागेत पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मृगाऐवजी पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरायचाही निर्णय तेव्हाच पक्का झाला. पुढचा काळ कोरडा जातो, रोगाला वाव कमी मिळतो.

आता पंप. आमच्याकडं बोर्डो वापरतात, एक टक्क्याचा: शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. चुन्याचे बारीक कण पंपाचे वॉशर आणि नोझलचं भोक घासत राहतात. म्हणून डायफ्रामचा पंप घेतला. त्यात द्रावण आणि पंपाचे फिरते भाग यांच्यामध्ये रबरी पडदा असतो. पडदा फाटला की पंपावरच्या काचेच्या भांड्यातलं तेल दुधासारखं पांढरं होतं, लगेच थांबून बदलायचा. हे पडदे सोलापुरात काउंटरवर मिळतात का, हे मी पैसे देण्याआधी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. एका दुकानात "मागवून देतो, आठ दिवस" असं उत्तर आलं. तेल्याच्या मोसमात आठ दिवस म्हणजे पूर्ण बहार, म्हणून ते दुकान वगळलं. नोझल चिनी मातीच्या चकतीचे घेतले, पितळी घेतले नाहीत. पंप मिनिटाला 55 लिटरचा. नोझलना सोळा लागतात, बाकीचं टाकीत परत जाऊन द्रावण ढवळत राहतं. बोर्डोला हे फार गरजेचं, नाहीतर तळाशी चुना बसतो आणि शेवटच्या ओळीला तोच मिळतो.

पंपाला गन जोडायला दोन तोट्या असाव्यात, हाही माझा आग्रह होता. खोडकिड्यासाठी आणि पिन होल बोररसाठी खोडावर औषध ओतावं लागतं, ते ब्लोअरचं काम नाही.

जोडणीचं थोडक्यात. मिनी ट्रॅक्टरच्या खालच्या हातांना 22 मिलिमीटरची पिन लागते. मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनवलेल्या ब्लोअरला 28 ची असते, ती बसत नाही, आणि बुश घालून बसवली तर झिजून खडखडते. पीटीओचा शाफ्ट ट्रॅक्टरनुसार कापावा लागतो. लिफ्ट पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून मोजायचं, मगच कापायचं. कापताना दोन नळ्या एकमेकींत निदान तिसरा हिस्सा राहिल्या पाहिजेत. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण आलंच नव्हतं. विक्रेता म्हणाला, "ते सगळे काढूनच टाकतेत." ते आल्याशिवाय मी ब्लोअर गाडीतून उतरवून घेतला नाही. फिरत्या शाफ्टनं धोतराचा सोगा ओढलेला एक माणूस माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलाय. यात मी कुणाचंही ऐकणार नव्हतो.

अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज केला होता. सात-बारा, आठ-अ, ट्रॅक्टरचं आरसी बुक, कोटेशन, आणि त्या मॉडेलचा तपासणी अहवाल. सोडतीत नंबर लागायला वेळ गेला. मधल्या काळात एका दुकानात, "आत्ता उचला, बिल नंतरच्या तारखेचं करू," असं सुचवलं गेलं. आमच्याच भावकीत एकानं पूर्वसंमतीच्या आधी यंत्र घेतलं होतं आणि त्याचा अर्ज बाद झाला होता. खोट्या तारखेचं बिल मला करायचंच नव्हतं. थांबलो. पूर्वसंमती आली, मगच खरेदी केली.

दोनशेच्या आणि सहाशेच्या ब्लोअरच्या किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक होता. त्या वाचलेल्या पैशातून मी टाकीचा प्रश्न सोडवला. बागेच्या मध्यावर, जिथं दोन्ही बाजूंच्या ओळी येऊन मिळतात, तिथं चार फूट उंच चौथरा बांधून त्यावर हजार लिटरची काळी टाकी ठेवली. औषध तिच्यातच कालवायचं, खालून दोन इंची व्हॉल्व्ह आणि जाळी. ब्लोअर खाली उभा केला की तीन-चार मिनिटांत भरतो. पाच एकराला 1,500 लिटर, म्हणजे आठ फेऱ्या. जाणं-येणं धरून फेरीला आठ मिनिटं. एका मोठ्या टाकीमागं धावण्यापेक्षा हे मला शंभरदा बरं वाटलं, कारण भार चौथऱ्यावर राहिला, रानात हिंडला नाही.

2023 च्या हस्त बहाराला पहिली खरी फवारणी केली. सकाळी साडेसहाला सुरुवात, दहाच्या आत पाच एकर उरकलं. एक मी ट्रॅक्टरवर, एक मुलगा टाकीपाशी. ट्रॅक्टरला केबिन नाही, त्यामुळं मास्क, चष्मा, बाह्यांचा शर्ट, आणि वारा पाहून ओळीची दिशा. फुलोऱ्यात पंखा पहिल्या गिअरवर ठेवतो आणि ऊन चढायच्या आत थांबतो, कारण नऊच्या पुढं मधमाश्या फुलांवर येतात आणि सेटिंग, म्हणजे फळ धरणं, त्यांच्या जिवावर आहे. झाडं सहा-सात फुटांची, म्हणून वरचे दोन नोझल फिरवून आतल्या बाजूला घेतले, नाहीतर ते आकाशात फवारत होते.

दर दुसऱ्या महिन्याला नोझलखाली मापाचा मग धरून एकेक मिनिट पाणी मोजतो आणि वहीत लिहितो. गेल्या खेपेला डावीकडचा चौथा 1.5 लिटर देत होता. दहा टक्क्यांच्या वर गेला की चकती बदलायची, ती बदलली. कुंपणालगतच्या ओळीत मात्र ब्लोअर अजून जात नाही. तिथं एका बाजूचे नोझल बंद केले तरी पंख्याचा वारा शेजाऱ्याच्या कोथिंबिरीवर जातो. ती एक ओळ, बासष्ट झाडं, मी अजूनही गननंच करतो.